उणे सहा ससे

तीर्थस्वरूप रान दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा छिउ देमाओ याचा कमरेत वाकून नमस्कार. (तुमचं गाव इथून नेमकं कोणत्या दिशेला येतं याची खात्री नव्हती, म्हणून एकदा नदीकडे आणि एकदा वीटभट्टीकडे तोंड करून दोनदा वाकलो. त्यातला बरोबर असेल तो घ्यावा.) गुडघा काय म्हणतो? आल्याचा लेप लावता की वहिनींनी सांगितलं म्हणून मुद्दाम लावत नाही? वहिनींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो, कारण मी पाठवलेलं औषध मी आधी स्वतः घेऊन पाहिलं होतं आणि मला खोकला नसतानाही बरं वाटलं होतं. डुकरीण व्यायली का? संत्री यंदा गोड निघाली की गेल्या सालासारखी पाहुण्यांना द्यायच्या लायकीची?

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमची शूयुन मजेत आहे, फारच मजेत आहे, ते पुढे येईलच. पोराचे केस नव्या वर्षाच्या सणाआधीच कापून घेतले. वर्षाच्या पहिल्या महिन्यात भाच्याने केस कापले तर मामाच्या जिवावर बेततं म्हणतात, आणि आमच्या पोराला मामा एकच. तेव्हा तुमच्या आयुष्याची काळजी वाहणारं इथे कुणीतरी आहे, हे असू द्या ध्यानात.

पत्र लिहायला तसं काहीच कारण नाही. बरेच दिवस लिहिलं नव्हतं, एवढंच. माणसाने वडीलधाऱ्यांना काम नसतानाही पत्र लिहावं, असं मी पोराला नेहमी सांगत असतो.

आता तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या इनॅमलच्या कारखान्याची खानावळ गेली अकरा वर्षं मी चालवतो. एकशे वीस माणसं माझ्या हातचं खातात आणि आजवर एकही दगावलेलं नाही. (फेंग म्हातारा गेला तो सुट्टीवर असताना, सासुरवाडीत जेवून.) तर वरून कागद आला की यापुढे कुठल्याही खात्याचा प्रमुख निदान आठवीइतका शिकलेला पाहिजे. नसेल तर त्याने संध्याकाळच्या वर्गाला बसावं, भाषा आणि गणित अशा दोन परीक्षा द्याव्यात, आणि पास झाला नाही तर जागा पास झालेल्याला सोडावी. मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीनंतर बापाने माझ्या हातात डाव दिला आणि म्हणाला, पाटीवर लिहिलेलं पुसलं जातं, पोटात गेलेलं पुसलं जात नाही. त्या काळी हे बोलणं मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

हा संध्याकाळचा वर्ग भरतो कुठे, तर माझ्याच खानावळीत, मीच पुसलेल्या टेबलांवर! शिकवायला गावातल्या शाळेच्या यिन बाई येतात. वय चोवीस, वजन माझ्या तांदळाच्या पोत्याच्या निम्मं, पण फळ्यापुढे उभ्या राहिल्या की आमचे भट्टीवरचे पहिलवानसुद्धा मांडीवर हात ठेवून बसतात. माझ्या शेजारी शूयुन. तुमची बहीण खानावळीत वाफेचे पाव करते, म्हणजे माझ्या हाताखाली काम करते. (हे शब्द मी घरात उच्चारत नाही.) पानगळीच्या दिवसांत पहिली परीक्षा झाली. भाषेत मी पास झालो, गणितात आपटलो. शूयुन दोन्हीत पास, आणि तेही पाव वाफेवर ठेवून आल्यासारखी घाईघाईने पेपर देऊन.

बरं, निकाल लागतो तो लाल कागदावर, आणि आमच्या कारखान्यात लाल कागद लावायला जागा एकच, खानावळीचं दार. त्या दारातच मी ओगराळं घेऊन उभा असतो. कागदावर शूयुनचं नाव वरून तिसरं होतं. माझं नाव खालून शोधलं तरी सापडेना. त्या दिवशी एकशे वीस माणसं हातात वाडगे घेऊन, एकेक करून तो कागद वाचत माझ्यासमोर आली आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. उलट नेहमी माझ्या रश्श्याला नावं ठेवणारा तो रंगखात्यातला हाडकुळा माणूस म्हणाला, आज रस्सा छान झालाय हं. दादा, त्याने माझ्या तोंडावर वाडगा फेकला असता तर परवडलं असतं! तिथून हलताही येईना, कारण ओगराळं माझ्याच हातात.

तेव्हा गोष्ट अशी, की जागा एक आणि माणसं दोन. दुसऱ्या परीक्षेत मी पास झालो तर ओगराळं माझं. नाही झालो तर शूयुन खानावळप्रमुख आणि मी तिच्या हाताखाली कांदे सोलणार. चहाच्या दुकानात मला आत्ताच मऊ कानाचा म्हणतात, म्हणजे बायकोच्या ताटाखालचं मांजर. उद्या ताटही तिचं, खानावळही तिची, मग मांजराने बसावं कुठे?

आता तुम्ही म्हणाल, देमाओ, शहाणा माणूस तू, गणितात तुझं अडतं कुठे? दादा, आकड्यांत माझं अडत नाही. एकशे वीस माणसांना मीठ किती हे मी झोपेत सांगतो. माझं अडतं ते शाब्दिक उदाहरणांत. ही उदाहरणं रचणाऱ्या माणसाला शेजार नाही, नातेवाईक नाहीत, आणि त्याच्या घरी स्वयंपाक होत नाही, हे मी पैजेवर सांगतो. एक उदाहरण असं, की बाप आणि मुलगा यांच्या वयाची बेरीज बासष्ट, आणि पाच वर्षांपूर्वी बाप मुलाच्या तिप्पट वयाचा होता, तर दोघांची वयं काढा. अहो, ज्या मुलाला स्वतःच्या बापाचं वय विचारायला लाज वाटते, त्याच्या घरात मी कशाला नाक खुपसू? दुसरं, एका पिंजऱ्यात कोंबड्या आणि ससे मिळून चाळीस डोकी आणि एकशे बारा पाय. कोंबड्या किती, ससे किती? ज्याने डोकी मोजली त्याला डोक्यांना लावलेले कान दिसले नाहीत? पहिल्या परीक्षेत मी उत्तर लिहिलं, "पिंजऱ्याचं दार उघडून पाहावं, आणि आधी दुसरा पिंजरा करावा, कारण कोंबड्या सशांचे डोळे फोडतात." यिन बाईंनी शून्य दिलं. शून्य! आयुष्यभर कोंबड्या कापलेल्या माणसाला!

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ते भिक्खू. मठात भिक्खू साठ, पाव साठ. थोरले भिक्खू प्रत्येकी दोन पाव खातात, धाकटे दोघांत मिळून एक. थोरले किती, धाकटे किती? हे उदाहरण वाचून माझं रक्त उकळतं. वाढत्या वयाची पोरं, पहाटेपासून पाणी भरणारी, त्यांना अर्धा पाव? आणि बसून माळ ओढणाऱ्या थोरल्यांना दोन? मी वर्गात उभा राहिलो आणि विचारलं, बाई, त्या मठाचा आचारी कोण? बाई म्हणाल्या, छिउ काका, आचाऱ्याचा संबंध नाही. मी म्हटलं, पाव आहेत आणि आचाऱ्याचा संबंध नाही, हे कसं? सगळा वर्ग हसला. शूयुन सगळ्यात जास्त हसली.

त्याच दिवशी घरी जाताना ती मला म्हणाली, अहो, सोपं आहे. एकच गोष्ट माहीत नसेल तर एक अट पुरते. दोन गोष्टी माहीत नसतील तर दोन अटी लागतात. एकाला क्ष म्हणा, दुसऱ्याला य म्हणा. मी शिकवते, आठवड्यात येईल. (बोलली प्रेमानेच, मी नाही म्हणत नाही.) पण दादा, तुम्हीच सांगा, ज्या जागेसाठी आमची चढाओढ, ती जिंकायची युक्ती मी तिच्याकडूनच शिकायची? मी म्हटलं, मला क्ष आणि य यांची ओळख करून घ्यायची गरज नाही, मी माणसांना नावाने ओळखतो. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग घरी गेल्यावर तिने माझ्या वाट्याचं लोणचं पोराला वाढलं.

मी स्वतःच शिकायचं ठरवलं. कांदे चिरताना, भात धुताना, सगळीकडे क्ष आणि य. खोटं सांगत नाही, पंधरवड्यात मला ती कोंबड्या-सशांची चाळीस डोकी वश झाली. डोक्यांची दुप्पट करा, पायांतून वजा करा, उरतील त्याचे निम्मे ससे. सोळा ससे, चोवीस कोंबड्या! ताळा करून पाहिला, बरोबर! मी एकटाच कोठीत नाचलो. (मिरचीचं पोतं सांडलं. ते वेगळं.) आणि माणसाला नवीन हत्यार मिळालं की तो लाकूड शोधत फिरतो, तसं माझं झालं.

लाकूड आपणहून चालत आलं. सणासाठी कारखान्याने ठरवलं की यंदा प्रत्येक कामगाराला एक जिवंत कोंबडी नाहीतर एक जिवंत ससा द्यायचा. आमचा पेंग ड्रायव्हर शेजारच्या शेतकऱ्यांच्या कम्यूनमधून ट्रक भरून घेऊन आला तेव्हा दिवस मावळत आला होता. एकशे वीस जनावरं, मोजून भरलेली, पण कोंबड्या आणि ससे सगळे सरमिसळ, बांबूच्या पिंजऱ्यांत कोंबलेले. कामगार संघाचे अध्यक्ष लुओ आले आणि म्हणाले, कोंबड्या किती आणि ससे किती ते मला आत्ताच सांगा, कारण उद्या वाटप आहे. बाळंतिणींना कोंबडीच द्यावी लागते, आणि पोटुशा बायका ससा घरात घेत नाहीत, मूल फाटक्या ओठाचं होतं म्हणून. पेंग म्हणाला, साहेब, मी मोजून आणली ती नुसती डोकी. कुणाचं डोकं ते मी विचारलं नाही.

दादा, नुसती डोकी! मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, अध्यक्ष, पिंजरा उघडायची गरज नाही. मला फक्त पाय मोजून आणून द्या.

शूयुन त्या वेळी मागच्या अंगणात संत्र्यांच्या सालींच्या धुरावर सणासाठी आतड्यात भरलेल्या मांसाच्या नळ्या धरत होती, नाहीतर पुढचं घडलं नसतं. (हे मी तिच्यावर ढकलत नाही. पण ती तिथे नव्हती हे खरंच आहे.) यिन बाई परीक्षेच्या कामाला जिल्ह्याला गेलेल्या. मैदान मोकळं होतं. मी माझे चार आचारी पिंजऱ्यांखाली आडवे केले आणि फटींतून पाय मोजायला लावले. तोवर निम्मा कारखाना खानावळीत गोळा झाला. रोजचे पदार्थ लिहायचा फळा मी पुसला आणि वर लिहिलं, कोंबड्या क्ष, ससे य. पहिली अट, डोकी एकशे वीस. आचाऱ्यांनी आकडा आणला, पाय दोनशे अठ्ठावीस. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, छिउ, दार उघडून बघ ना. मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हटलं, उदाहरणात दार उघडत नाहीत.

मग मी गणित केलं. डोक्यांची दुप्पट दोनशे चाळीस. ती दोनशे अठ्ठावीसमधून वजा केली, उणे बारा. त्याचे निम्मे, उणे सहा. ससे उणे सहा! आणि कोंबड्या एकशे सव्वीस. क्षणभर माझ्या हातातला खडू थांबला, हे कबूल करतो. पण मी ताळा केला. एकशे सव्वीस वजा सहा, एकशे वीस. जुळलं! पायांचा ताळा केला, तोही जुळला! दादा, ताळा जुळल्यावर माणसाने आणखी काय करायचं?

आता कळतं की चूक गणिताची नव्हती, कोंबड्यांची होती. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी कोंबडी एक पाय पोटाच्या पिसांत घेते आणि एकावर उभी राहते. ससे तर एकावर एक बसतात आणि पुढचे दोन दिसले तर दिसले. हे मला आयुष्यभर माहीत आहे. मी रोज पाहतो. पण हातात खडू असताना आठवलं नाही.

अध्यक्ष लुओंनी फळ्यावरच्या उत्तराखालून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, कॉम्रेड छिउ, उणे सहा ससे म्हणजे काय? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी मूठ सगळ्यांदेखत फळ्यावर उघडी! मी घसा खाकरला आणि म्हणालो, म्हणजे आपण कम्यूनचे सहा ससे देणं लागतो.

मला वाटलं हसतील आणि विषय संपेल. पण लुओ भला माणूस, आणि गणित शिका, गणित शिका असं वर्षभर सगळ्यांच्या मागे लागलेला तोच. तो कसा हसणार? तो गंभीर झाला आणि म्हणाला, वर्ष संपायच्या आत देणं फेडलंच पाहिजे, नव्या वर्षात उधारी घेऊन जायचं नाही. पेंग, तू घरी त्याच वाटेने जातोस ना? मग सहा ससे घे आणि कम्यूनला पोचते कर. पेंग म्हणाला, साहेब, ट्रकमध्ये एकही ससा नाही असं फळा म्हणतो, मग सहा काढू कुठून? लुओ म्हणाले, शोध. पेंगने पिंजऱ्यात हात घातला आणि एका दमात सहा ससे कानांना धरून बाहेर काढले, आणि दादा, मी तुम्हाला शपथेवर सांगतो, एवढं डोळ्यांनी पाहूनही कुणाला काही खटकलं नाही. पेंग मात्र जाता जाता माझ्या कानाशी लागला, "मला गणित येत नाही म्हणून बरंय, नाहीतर आज रात्री झोप लागली नसती."

शूयुन आली तेव्हा ट्रकचा धूरसुद्धा उरला नव्हता. तिने फळा वाचला. मग पिंजरे उतरवून ठेवले होते त्या कोठीत गेली, त्यांची दारं एकामागून एक उघडली, परत आली, आणि फळ्यावर माझ्या उत्तराखाली लिहिलं, ससे छत्तीस, कोंबड्या अठ्ठ्याहत्तर. त्याखाली लिहिलं, माणसं एकशे वीस. एवढंच. मला एक शब्द बोलली नाही. दादा, तिने मला झोडपलं असतं तर मी दोन शब्द उलट बोललो असतो की नाही? हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात, पण निदान हात दाखवायला समोर माणूस तरी लागतो.

असो. वाटप नीट पार पडलं. सहा माणसं रिकाम्या हाताने सणाला घरी जाणार अशी वेळ आली होती, पण दुसऱ्या दिवशी कम्यूनने आपणहून सहा ससे परत पाठवले. फार भली माणसं. मी काही त्यात नव्हतो, मी तो सगळा दिवस न्हाव्याकडे रांगेत बसलो होतो. सणाआधी न्हाव्याकडे काय गर्दी असते ते तुम्ही जाणताच. अध्यक्ष लुओंनी अहवालात लिहिलं आहे की पुढच्या वर्षी उणे जनावरं वेगळ्या पिंजऱ्यात आणावीत.

चार दिवसांनी दुसरी परीक्षा झाली. पेपर उत्तम गेला. असा गेला की माझ्या मागे बसलेला भट्टीवाला म्हणाला, तू लिहीत होतास तेव्हा टेबल हलत होतं. निकालाचा लाल कागद कंदिलांच्या सणानंतर लागेल. मी निश्चिंत आहे.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा. तुमच्या बहिणीला सुखात ठेवणारा,

छिउ देमाओ

ता. क. आता आठवलंच आहे म्हणून लिहितो, महत्त्वाचं काही नाही. तुमची पाठ धरते का हो अधूनमधून? या वयात धरायला हरकत नाही. धरलीच तर शूयुनला चार ओळी लिहा, की दादाला अंथरुणातून उठवत नाही, तू महिना दोन महिने ये. कंदिलांचा सण झाला की लगेच निघ असं लिहिलंत तर बरं, म्हणजे तिला हवा चांगली मिळेल. ती इथे नसली तर खानावळ कुणीतरी चालवायलाच हवी, आणि तितक्या दिवसांत माणसं जुन्या हातालाच धरून राहतात. तिला तिच्या भावाकडे राहायला मिळावं एवढीच यात माझी तळमळ.

ता. क. दुसरा. पेपर उत्तम गेला असं वर लिहिलं ते तसं खरं आहे. कोंबड्या-सशांचं उदाहरण आलं, ते मी पुरतं सोडवलं. पण पुढच्याच पानावर ते भिक्खू निघाले. मी स्वतःला फार आवरलं, दादा. शेवटी उत्तराच्या जागी एवढंच लिहिलं की या मठाचा आचारी बदलावा आणि धाकट्यांना आधी वाढावं. क्ष आणि य लिहायचं राहून गेलं.

ता. क. तिसरा. हे पत्र वहिनींना मोठ्याने वाचून दाखवू नका. शूयुनच टपालात टाकायला नेणार आहे, पण तिची चिंता नको. दुसऱ्याचं पत्र उघडून वाचण्यातली ती नाही.

ता. क. चौथा. दादा, मी शूयुन. ह्यांचं पत्र मी टपालात टाकायला नेते आणि नेहमीप्रमाणे आधी वाचते. वहिनीला मोठ्याने वाचून दाखव, ती हसेल, खोकल्याला बरं.

ह्यांनी इतकी पानं लिहून एकच समीकरण लिहिलंय, आणि एका समीकरणात उत्तर निघत नाही. दुसरं मी लिहिते.

ते त्या दिवशी न्हाव्याकडे गेले नव्हते. संध्याकाळी घरी आले तेव्हा केस होते तेवढेच होते, गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि कोटाला सशांचे केस चिकटले होते. मी काही विचारलं नाही. पेंगने मला नंतर सांगितलं. पाठीवर टोपली बांधून चालत कम्यूनला गेले, तिथल्या लोकांसमोर उभे राहून सांगितलं की मी चुकलो, कोंबड्या पाय वर घेतात हे मी विसरलो, सहा माणसं सणाला रिकामी जातील. तिथे सगळे पोट धरधरून हसले आणि ह्यांनी ते ऐकून घेतलं. ज्यांना घरात माझं एक हसणं सोसत नाही, त्यांनी. मग सहाही ससे पाठीवर घालून चालत परत आले, आणि अध्यक्षांना सांगितलं की कम्यूनने पाठवले.

निकाल काल यिन बाईंनी मला गुपचूप सांगितला. पास व्हायला साठ लागतात, ह्यांना सत्तावन्न मिळालेत. कोंबड्या-सशांना पुरते गुण. खाली ह्यांनी आपणहून लिहून ठेवलंय की मोजताना दार उघडावं, थंडीत कोंबडीच्या पायांवर विश्वास ठेवू नये. बाई ते वाचून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. भिक्खूंनी घात केला. बाई म्हणाल्या, नुसतं वीस आणि चाळीस एवढं लिहिलं असतं तरी मी पास केलं असतं. पण वीस थोरले आणि चाळीस धाकटे उपाशी हे ह्यांच्याने लिहवलं नसतं, ते मला माहीत आहे.

म्हणजे कंदिलांच्या सणानंतर खानावळ माझी. ती मला हवी आहे, दादा, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं मी पाव केलेत आणि अकरा वर्षं मला माहीत आहे की भाजी आधी चिरून ठेवली तर कशी सुकते. मला ती चालवायची आहे. पण लाल कागद लागेल त्या दिवशी ह्यांनी पुन्हा त्या दारात ओगराळं घेऊन उभं राहावं आणि एकशे वीस माणसांनी गप्प बसून रश्श्याचं कौतुक करावं, हे मला बघायचं नाही. ते पहिल्या वेळेस मी बघितलंय. त्या रात्री ह्यांनी जेवताना मला विचारलं होतं, रस्सा खरंच चांगला झाला होता का गं?

तेव्हा पाठ धरायची ती खुशाल धर. सगळं ह्यांनी सांगितल्याप्रमाणेच लिही, फक्त बोलावणं माझ्याऐवजी ह्यांना पाठव. महिनाभर ठेवून घे. पाठदुखीवर विश्वास बसला नाही तर लिही की डुकरीण व्यायलीय, पिल्लं एकावर एक पडून असतात, आणि गावात कुणाला म्हणून नीट मोजता येत नाहीत. धावत येतील.